गिटारच्या बॉक्सचे स्पीकर बदलताना: परभणी जिल्ह्यातल्या एका गायन पार्टीचं प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही भीमगीतांची गायन पार्टी. ओळख पटू नये म्हणून गावाचं, पार्टीचं आणि माणसांची नावं इथं घेतलेली नाहीत. पार्टीचे प्रमुख साठी ओलांडलेले. सगळे त्यांना शाहीर म्हणतात, मीही तसंच म्हणतो. गिटारवादक तरुण आहे, दिवसा नोकरी करतो, रात्री वाजवतो. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेंजो, एक लीड गिटार आणि मागे कोरस, असा संच. मी छत्रपती संभाजीनगरात अँप्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो. अशा पार्ट्यांचं सामान वर्षभर माझ्याकडे येत असतं.

या पार्टीचं वर्ष तारखांवर चालतं. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिन, मग ६ डिसेंबर, मग १४ जानेवारी, आणि १४ एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत रोज कुठं ना कुठं मंच. त्यातही १४ जानेवारीची गोष्ट मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवी. १९९४ साली त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. तेव्हापासून दरवर्षी विद्यापीठाच्या गेटजवळ माणसांचा समुद्र लोटतो आणि गायन पार्ट्या तिथं येऊन गातात. पैशासाठी कुणी येत नाही. त्या दिवशी आपला आवाज नीट पोचावा, एवढीच प्रत्येक पार्टीची इच्छा असते. हे प्रकरण दिवाळीनंतर माझ्याकडे आलं आणि सगळ्यांच्या नजरेसमोर तीच तारीख होती.

सामान असं होतं. गिटारचा चार तोंडांचा बॉक्स: बारा इंची चार स्पीकर, पाठ पूर्ण बंद. पुण्यातल्या एका मोडलेल्या बँडकडून जुना घेतलेला. त्यावर ट्रान्झिस्टरचं हेड, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर. हेडच्या मागे छापलेलं (ओहम म्हणजे स्पीकर विजेला जो अडथळा करतो त्याचं माप): किमान ४ ओहम, ४ ओहमला १०० वॅट, ८ ओहमला ६० वॅट. बॉक्समधला प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा. दोन-दोनांच्या दोन जोड्या सिरीजमध्ये (एकामागे एक) आणि त्या दोन जोड्या एकमेकींना पॅरलल (समांतर), म्हणजे पूर्ण बॉक्स पुन्हा ८ ओहमचाच. चार तोंडांचे बहुतेक बॉक्स असेच जोडलेले असतात. पावसाळ्यात कार्यक्रम नसतात तेव्हा बॉक्स शाहिरांच्या भावाच्या खोलीत पडून होता. त्याच खोलीत सोयाबीनची पोती ठेवतात.

तक्रार

गिटारवादकानं फोनवर सांगितलं ते असं: "दादा, आवाज निम्मा झालाय अन् जो येतो तो बी फाटायलाय. दोन स्पीकरला हात लावला तर हलतच नाहीत. दोन गेले म्हणून चारही बदलायचं ठरवायलोत. किती वॅटचे टाकायचे तेवढं सांगा."

गावातल्या डीजेच्या मिस्त्रींनी त्यांना एक उत्तर आधीच दिलं होतं: तीनशे वॅटचे चार वुफर (खर्जाचे स्पीकर) टाका, परत जळण्याचं नाव नको. सल्ला मनापासूनचा होता. डीजेच्या बॉक्ससाठी तो बरोबरही असतो.

पण सगळा विचार वॅटवरून सुरू झाला होता, आणि मला तिथंच थांबवावंसं वाटलं. स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे त्याची कॉइल, आतलं तारेचं वेटोळं, किती उष्णता सोसते त्याचा आकडा. तो किती मोठा वाजेल हे त्यातून कळत नाही. ते सांगणारा आकडा वेगळा असतो, सेन्सिटिव्हिटीचा: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टिऑन कंपनीचे दोन प्रसिद्ध गिटार स्पीकर घ्या. जी-१२-टी-७५ हा ७५ वॅटचा आणि ९७ डेसिबलचा. व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा आणि १०० डेसिबलचा. वॅट पाहून घेणारा माणूस ७५ वाला उचलेल. पण तीन डेसिबलचा फरक म्हणजे अँप्लिफायरची ताकद दुप्पट केल्याइतका फरक. साठवाला त्याच हेडवर पंचाहत्तरवाल्यापेक्षा ठळक मोठा वाजतो. त्यामुळे मी गिटारवादकाला सांगितलं, अजून काही घेऊ नका, बॉक्स तेवढा टेम्पोत टाकून आणा.

तपासणी

पाठ उघडण्याआधी बॉक्सच्या जॅकवर मल्टिमीटर लावला. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण सहा-साडेसहा ओहम दाखवते, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. चारही स्पीकर ठीक असते तर पूर्ण बॉक्सवरही तेवढंच दिसायला हवं होतं. दिसले तेराच्या आसपास. या एका आकड्यानं अर्धं निदान झालं: दोन जोड्यांपैकी एक जोडी पूर्ण उघडी पडली आहे, म्हणजे तिच्यातून वीज जातच नाही, आणि दुसरी एकटीच चालू आहे.

पाठ काढून प्रत्येक स्पीकर तारेपासून सोडवून मोजला. वर डावीकडचा एकदम ठीक. त्याच्या जोडीचा, वर उजवीकडचा, मीटरवर काहीच दाखवेना. जवळ नाक नेलं तर जळक्या वार्निशचा वास, आणि कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी पडदा, हातानं दाबला की कॉइल घासते हे बोटांना कळत होतं. म्हणजे गेलेला एकच होता. सिरीजमधला एक तुटला की त्याचा चांगला जोडीदारही मुका होतो. गिटारवादकाला दोन मेलेले वाटले, ते यामुळे. चांगला स्पीकर भंगारात जायची वेळ आली होती.

खालची जोडी चालू होती, पण तिची अवस्था वाईट. खाली डावीकडच्या स्पीकरचा कोन कडेजवळ उंदरानं कुरतडलेला, आणि तिथून बोटभर चीर आत गेलेली. फाटका आवाज इथून येत होता. खाली उजवीकडे गिटारचा स्पीकर नव्हताच. बारा इंची साधा पीए वुफर (सभेच्या साउंडचा) होता, कापडी कडेचा, जड कोनाचा. पुण्याच्या मालकानं कधीतरी बसवला असणार. ८ ओहमचाच होता, म्हणून हेडला काही त्रास झाला नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उंदीर आत कुठून गेला? पाठीवरच्या जॅकच्या पट्टीचे दोन स्क्रू पडले होते, पट्टी लोंबत होती आणि मागे मुठीएवढं भोक उघडं होतं. बंद पाठीच्या बॉक्सला तसं भोक असणं आवाजालाही वाईट, कारण आतली हवा कोनाला मागून धरून ठेवते. ती गळू लागली की खर्जातली पकड जाते.

वरचा स्पीकर जळला कसा, याचं उत्तर गप्पांमध्ये मिळालं. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात साउंडवाल्याचा मॉनिटर बंद पडला, म्हणून हाच बॉक्स काही वेळ डीजेच्या पॉवर अँप्लिफायरला जोडला होता. जुन्या स्पीकरच्या लेबलावर ३० वॅट एवढंच वाचता येत होतं. चौघांचे मिळून १२० झाले, आणि डीजेचा अँप्लिफायर त्याच्या कितीतरी पट देतो. चौघांपैकी सगळ्यात कमकुवत कॉइल आधी गेली.

एक गोष्ट आणखी सापडली. हेड आणि बॉक्स यांच्यामध्ये गिटारची साधी केबल लावलेली होती. तिच्या आतली तार केसासारखी बारीक, ती गिटारच्या पिकअपचा नाजूक सिग्नल नेण्यासाठी असते. हेडपासून स्पीकरपर्यंत खरी ताकद जाते, तिथं ती केबल तापते, शॉर्ट झाली तर ट्रान्झिस्टरचं हेड घेऊन जाते. मराठवाड्यातल्या निम्म्या मंचांवर मला हे दिसतं.

कोणते पर्याय होते

मिस्त्रींचा पर्याय आधी घेतो, कारण शाहिरांचा कल तिकडे होता आणि पैशाचा विचार केला तर त्यात चूक नव्हती. एका परदेशी गिटार स्पीकरच्या किमतीत देशी बनावटीचे दोन-तीन वुफर येतात. पण वुफर आणि गिटार स्पीकर ही बाहेरून सारखी दिसणारी दोन वेगळी यंत्रं आहेत. पीएचा वुफर आलेला आवाज जसाच्या तसा सोडावा म्हणून बनवलेला असतो; वरचे सूर सोडायला त्याच्या सोबतीला हॉर्न असतो. गिटारचा स्पीकर स्वतःच वाद्याचा भाग असतो. कोन हलका, कागदाची दुमडलेली कड, साधारण ७५ ते ५००० हर्ट्झ एवढाच पट्टा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे खाली जास्त जायची गरजच नाही. दोन ते चार हजारांच्या दरम्यान तो थोडा उसळतो आणि पाच हजारांच्या वर झपकन खाली येतो. डिस्टॉर्शनमधला, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजातला, किरकिरा भाग तिथंच गळून पडतो. जोरात वाजवलं की त्याचा कोन किंचित वाकतो आणि त्यातून जो जाडसर, रसरशीत सूर येतो त्यालाच आपण इलेक्ट्रिक गिटारचा आवाज म्हणून ओळखतो. तीनशे वॅटचा जड कोन साठ वॅटच्या हेडवर वाकणारच नाही. मी गिटारवादकाला खालचा वुफर आणि वरचा शाबूत स्पीकर आळीपाळीनं जोडून वाजवायला लावलं. त्यानं एक लांब मींड ओढली, वुफरवर पुन्हा ओढली, आणि म्हणाला, "हा तर गोधडीतून बोलायलाय." शाहिरांनाही फरक ऐकू आला. तो पर्याय तिथंच संपला, मला फार बोलावं लागलं नाही.

जळालेल्याची कॉइल आणि कोन बदलून घेणं हा दुसरा पर्याय. आमच्याकडचे मिस्त्री हे काम फार सफाईनं करतात, डीजेच्या धंद्यानं त्यांचा हात बसलेला आहे. मी शहरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींना तो स्पीकर दाखवला. त्यांनी कोन उलटसुलट करून पाहिला आणि सरळ सांगितलं, "साहेब, हा कागद आपल्याकडं येत नाही. मी बसवीन, वाजेल बी, पण तुमचा राहणार नाही." असं सांगणारा कारागीर मिळणं ही भाग्याची गोष्ट. मूळ कोन मिळाल्याशिवाय गिटार स्पीकरचा कोन बदलू नये असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत मला अशाच माणसांकडून मिळालेलं आहे.

तिसरा, चारही नवे. हिशेब केला आणि तो पार्टीच्या आवाक्याबाहेर गेला. एप्रिलमधली कमाई अजून सहा महिने लांब होती.

मग उरले दोन. एक तर दोन नवे गिटार स्पीकर घ्यायचे, शाबूत जुना ठेवायचा आणि कुरतडलेला चिकटवून त्याचा जोडीदार करायचा. नाहीतर दोन नव्यांवरच बॉक्स चालवायचा आणि उरलेली दोन तोंडं प्लायनं बंद करायची.

दोन की चार

इथं आमचं मत जुळेना. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळतो, कारण बाकी प्रकरण याच्याभोवती फिरतं.

माझा कल दोनकडे होता आणि कारण स्पीकरपेक्षा मंचाशी जास्त निगडित होतं. उघड्या मैदानावर हजार-दोन हजार लोक बसलेले असताना त्यांना गिटारचा बॉक्स ऐकूच येत नाही. साउंडवाला बॉक्सच्या एका स्पीकरसमोर माइक लावतो, तो माइक मिक्सरमध्ये जातो आणि लोक मोठ्या बॉक्समधून ऐकतात. म्हणजे श्रोत्यापर्यंत जातो तो चारांतला एकच स्पीकर, माइकच्या पुढ्यातला. बाकीचे तीन फक्त गिटारवादकाला आणि ढोलकीवाल्याला ऐकू येण्यासाठी असतात. मग पैसा त्या एका स्पीकरच्या दर्ज्यावर घालावा. शिवाय चार स्पीकरचा बॉक्स दोघांनी उचलूनही कंबर धरते. यांचं सामान प्रत्येक कार्यक्रमाला छोट्या टेम्पोत चढतं आणि उतरतं.

शाहिरांचं म्हणणं वेगळं होतं. "मंचावर चार तोंडं दिसली पाहिजेत. लोक पार्टी ऐकायच्या आधी बघतात." हा मुद्दा मी हलका मानत नाही. सुपारी देणारे तरुण मंडळाचे असतात, ते मंचावरचं सामान बघून मानधन बोलतात. आणि त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून सरळ होता: चालणारा जुना स्पीकर हातात असताना त्याची जागा लाकडानं का बुजवायची?

मी मान्य केलं, कारण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: नवे दोन ८ ओहमचे घेतले तर दोन्ही वाटा उघड्या राहतात. आज चारांत बसतील. उद्या जुने गेले तर दोघांवरही बॉक्स चालेल. परत न फिरवता येणारा निर्णय कुठला आणि फिरवता येणारा कुठला, हे वेगळं काढलं की वाद बराच सोपा होतो. ओहम हा न फिरणारा भाग होता, कारण स्पीकर विकत घेतल्यावर त्याचा ओहम बदलता येत नाही. तोंडं किती, हे एका दुपारचं काम होतं.

मॉडेल निवडताना व्हिंटेज ३० वर थांबलो. हा १९८६ साली आलेला स्पीकर. त्याचा वरचा मधला पट्टा पुढे आलेला असतो, काहींना तो टोचतो. पण ऑक्टोपॅड, ढोलकी आणि बेंजोच्या गर्दीतून एकच गिटार वर काढायची असेल तर तेच हवं. १०० डेसिबलचा असल्यामुळे ६० वॅटचं हेडही कमी पडणार नव्हतं. चार स्पीकर सारख्या ओहमचे असले की ताकद चौघांत सारखी वाटली जाते, प्रत्येकाला १५ वॅट. म्हणून तीस वॅटचे जुने स्पीकरही सुखात राहणार होते.

प्रत्यक्ष काम

कुरतडलेल्या कोनाची कड साफ केली, चिरेच्या दोन्ही बाजूंनी पातळ टिश्यू पेपरचे तुकडे आणि पाणी घालून सैल केलेलं फेव्हिकॉल असे थर दिले, रात्रभर सुकू दिलं. थर जाड झाला की कोन तिथं ताठर होतो आणि नवीनच खरखर सुरू होते, म्हणून दोनच थर. ही तात्पुरती डागडुजी आहे, हे शाहिरांना आधीच सांगितलं होतं.

मांडणी तिरकी केली: नवे वर उजवीकडे आणि खाली डावीकडे, जुने उरलेल्या दोन कोपऱ्यांत. त्यामुळे बॉक्सच्या कुठल्याही बाजूला उभं राहिलं तरी नवा-जुना दोन्ही ऐकू येतात. जोडणीत मात्र नव्याची जोडी नव्याशीच आणि जुन्याची जुन्याशीच बांधली. कारण साधं: जुन्यांपैकी एक तुटला तर त्याच्यासोबत दुसरा जुनाच मुका व्हावा, नवा नको. हा निर्णय पुढे उपयोगी पडला.

बसवताना ज्या गोष्टींकडे मी बारीक लक्ष देतो त्या सांगतो, कारण नवे स्पीकर खराब होतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर. बॉक्स झोपवून काम करावं. पेचकस फिरवताना दुसऱ्या हाताचा तळवा कोनावर आडवा धरावा. मॅग्नेट लोखंडी पेचकसाला ओढतो आणि हात निसटला की कागदातून आरपार. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावेत, आणि गॅस्केट जरा दबली की थांबावं. जोर लावून आवळलं तर पत्र्याची चौकट पिळवटते आणि कॉइल घासायला लागते. तारा जोडण्याआधी प्रत्येक स्पीकरला नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावून पाहिली: धनाला धन लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एकही उलटा राहिला तर तो बाकीच्यांची हवा खातो, खर्ज नाहीसा होतो, आणि लोक स्पीकरला दोष देत बसतात.

टोकं सोल्डर केली, कारण खाचेत खोचलेल्या पिना आमच्या रस्त्यांवर सैल होतात. आतली वायर दीड स्क्वेअरची तांब्याची. हेड ते बॉक्सची केबलही त्याच वायरची नवी बनवली आणि तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळला, म्हणजे गिटारच्या केबलींत ती मिसळणार नाही. जॅकची पट्टी स्क्रूंनी बसवून मागून पत्रा ठोकला. शेवटी जॅकवर मीटर: साडेसहाच्या जवळ. बॉक्स पुन्हा ८ ओहमचा झाला होता.

पहिल्या तासाभरात हेड अर्ध्याच्या पुढे नेऊ नको, असं गिटारवादकाला सांगितलं. नव्या स्पीकरची कड आणि आतला स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी कापडी चकती) ताठ असतात, वाजवून वाजवून ते सैल होतात. आधी जो टोचरेपणा वाटतो त्यातला काही भाग आपोआप जातो.

जानेवारी आणि एप्रिल

१४ जानेवारीचा कार्यक्रम चांगला झाला. माइक खालच्या डावीकडच्या नव्या स्पीकरसमोर, मध्यापासून थोडा कडेला लावला होता. अगदी मध्यावर लावला की आवाज जास्त तिखट येतो. मी स्वतः मिक्सरजवळ उभा होतो. मधल्या संगीताच्या तुकड्यात गिटार कोरसच्या वर स्वच्छ उभी राहिली, आणि शाहिरांनी मंचावरूनच मान हलवली. त्या मानेसाठी मी हे काम करतो.

एप्रिलमध्ये ताण आला. जयंतीनंतर सलग मंच, दिवसभर टेम्पोत उन्हात उभा असलेला बॉक्स, रात्री जनरेटरवर वर-खाली होणारा दाब. एका मंचावर गिटारवादकाला पुन्हा खरखर ऐकू आली: चिकटवलेली चीर सुटली होती. त्यानं फोन केला. जुन्यांची जोडी वेगळी बांधलेली असल्यामुळे सांगणं सोपं होतं. पाठीचे स्क्रू काढ, पिवळ्या टेपची एक तार काप, टोकाला टेप लाव, पाठ बंद कर. चहा होईपर्यंत काम झालं. आता फक्त दोन नवे, सिरीजमध्ये, म्हणजे बॉक्स १६ ओहमचा. ट्रान्झिस्टरच्या हेडला जास्त ओहम चालतो, ताकद तेवढी कमी निघते. १६ ओहमला या हेडमधून तीसेक वॅटच निघत असणार.

"तीसच?" गिटारवादकाला धाकधूक वाटली. पण त्या रात्री कार्यक्रम पार पडला आणि त्याचा दुसरा फोन आला तो वेगळाच. मंचावर आवाज थोडा कमी होता, पण पुरत होता. हेड अजिबात तापलं नव्हतं, एरवी उन्हाळ्यात त्याच्यावर हात ठेववत नाही. आणि माइकमधून जाणारा आवाज पूर्वीइतकाच, उलट खरखर गेल्यामुळे चांगला. हिशेबानं हे बरोबरच होतं. १०० डेसिबलचा स्पीकर तीस वॅटवर एक मीटरवर ११५ डेसिबलच्या घरात जातो. ढोलकीशेजारी बसलेल्या माणसाला त्याहून जास्त नको असतं, कानांसाठी तर नकोच.

पावसाळ्यात बॉक्स माझ्याकडे आला तेव्हा जुने दोन्ही काढले, त्यांच्या भोकांवर अठरा मिलिमीटरचा प्लाय गॅस्केट लावून बसवला. पुढची जाळी तशीच, त्यामुळे मंचावरून चार तोंडांचाच दिसतो. शाहिरांनी जाळीसमोर उभं राहून खात्री करून घेतली. शाबूत जुना स्पीकर त्यांनी गुंडाळून सुटा ठेवला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीआधी एक संध्याकाळ राखून बॉक्ससमोर माइक लावून, मिक्सरमधून ऐकून बघायला हवं होतं. शाबूत एका स्पीकरवर, वीस-तीस वॅटवर. लोकांपर्यंत काय जातं आणि किती ताकद खरंच लागते, हे तेव्हाच कळलं असतं. त्यासाठी एक पैसा लागत नाही. दोन की चार हा वाद आम्ही बोलून सोडवला, कान लावून नाही.

तेव्हाच दोनवर ठरलं असतं तर ओहमची निवडही बदलली असती. १६ ओहमचे दोन घेऊन पॅरलल जोडले असते तर बॉक्स ८ ओहमचा राहिला असता: हेडला मधला, निवांत भार, साठ वॅट हाताशी, प्रत्येक स्पीकरला तीस. आत्ता ८ ओहमच्या दोघांना सिरीज केलं की १६, पॅरलल केलं की ४. मधलं काही नाही. गिटारवादक अधूनमधून विचारतो, पॅरलल करू का, शंभर वॅट निघतील. मी नाही म्हणतो. ४ ओहम ही हेडची शेवटची मर्यादा आहे, एप्रिलच्या हवेत ते तिथं फार तापेल. आणि प्रत्येक स्पीकरला पन्नास वॅट येतील, मर्यादा साठची. डिस्टॉर्शन पूर्ण उघडलं की हेड छापील आकड्याच्या बरंच वर जाऊ शकतं, मग ते दहा वॅटचं अंतर क्षणात संपेल.

लग्नातल्या त्या प्रसंगावरही काही करायला हवं होतं आणि ते उशिरा केलं. बॉक्सच्या पाठीवर आता मोठ्या अक्षरांत रंगवलं आहे: फक्त गिटार हेड, डीजे अँप्लिफायर लावू नये. पाठीच्या आतल्या बाजूला जोडणीचं चित्र आणि प्रत्येक स्पीकरचा ओहम लिहून ठेवला आहे, म्हणजे पुढचा मिस्त्री मी नसलो तरी त्याला मीटर लावायच्या आधी काय दिसायला हवं ते माहीत असेल.

हे वाचून कुणी आपल्या बॉक्सची एक जोडी कापायला निघणार असेल तर आधी हेड बघावं. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या, हेडवर ही युक्ती करू नये. तिथं हेडच्या मागचा ओहमचा खटका आणि बॉक्सचा ओहम जुळलाच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता तर ते वाजवूच नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो मिळवणं व्हिंटेज ३० मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.